ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये पकडले गेल्यास काय करावे: नाकाबंदीपासून कोर्टापर्यंत

“वकीलसाहेब, कबूल करून टाकू का? दहा हजारच आहेत ना?”

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्याची रात्रभर झोप झालेली नसते, घरी काय सांगायचे याचा घोर लागलेला असतो आणि प्रकरण दुपारच्या आत मिटवून त्याला कामावर जायचे असते. दहा हजारांत ते मिटत नाही, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. गुन्हा शाबीत झाला की लायसन्स किमान सहा महिन्यांसाठी जाते. कबुली दिली असेल तर अपिलाची वाटही जवळजवळ बंद होते. शिवाय पुन्हा कधी सापडलात तर कायदा तो तुमचा दुसरा गुन्हा धरतो.

भारतात अशी कारवाई झाली तर काय करायचे, ते ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने पुढे सांगतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला सोडवण्याच्या युक्त्या यात नाहीत. रस्त्याने चालणाऱ्या माणसाचा जीव माझ्या अशिलाच्या लायसन्सपेक्षा मोठा आहे, असे मी मनापासून मानतो. पण निर्दोष माणूस चुकीच्या आकड्यात अडकू नये आणि दोषी माणसाला कायद्यात आहे तेवढीच शिक्षा व्हावी, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

आधी कायदा नीट समजून घ्या

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८५ हे यातले मुख्य कलम. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चाचणीत आढळले आणि त्या अवस्थेत तुम्ही गाडी चालवत होतात किंवा चालवण्याचा प्रयत्न करत होतात, तर गुन्हा होतो. ‘प्रयत्न’ हा शब्द विसरू नका. गाडी हललीच नव्हती, एवढे सांगून सुटका होईलच असे नाही. अमली पदार्थांच्या अंमलाखाली गाडीवर ताबा ठेवता येत नसेल तर तेही याच कलमात येते. कलम मोटार वाहनाचे आहे, त्यामुळे दुचाकी आणि ट्रक यांना वेगळा न्याय नाही.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पासून हे दर लागू आहेत. त्याआधी पहिला दंड २,००० रुपयांपर्यंत होता आणि दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा व्हायची. ती तीन वर्षांची अट आता उरलेली नाही.

हा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. म्हणजे सिग्नल तोडल्यावर जसा जागेवर दंड भरता येतो तसा इथे भरता येत नाही, कोर्टात जावेच लागते. ‘इथेच मिटवू’ असे कोणी म्हणाले तर ती लाच आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका चुकीवर दुसरी, त्याहून मोठी चूक चढवू नका.

मित्राच्या हाती किल्ली देणाऱ्यांसाठी कलम १८८ आहे. समोरचा प्यायला आहे हे दिसत असताना त्याला गाडी चालवायला प्रवृत्त केले किंवा मदत केली, तर मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते.

३० चा आकडा किती लहान आहे

‘मी दोनच घेतले होते’ हे वाक्य कोर्टात कामाला येत नाही, कारण कायदा पेले मोजत नाही. आपले यकृत रक्तातले अल्कोहोल साधारणपणे तासाला, १०० मिलिलिटरमागे, १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवते. कोणाचे थोडे सावकाश, कोणाचे थोडे जलद. मध्यरात्री एखाद्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम असेल तर ३० वर यायला सहा तास लागतात. म्हणजे सकाळी सहाला तो गाडीवर बसला तेव्हा रात्रीची झोप झालेली, तोंड धुतलेले, डोके ताळ्यावर, आणि तरीही आकडा उंबरठ्यावरच. कॉफी, लिंबूपाणी, थंड आंघोळ यांनी तरतरी येते, पण रक्तातले अल्कोहोल कमी होत नाही. त्याला फक्त वेळ लागतो. सकाळच्या तपासणीत सापडलेले लोक ‘मी तर काल रात्री प्यायलो होतो’ असे कळवळून सांगतात. ते खोटे बोलत नसतात, त्यांचा हिशेब चुकलेला असतो.

पायरी पहिली: नाकाबंदीवर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आतला दिवा लावा. मागे वळवून पळू नका आणि शेजारच्याशी जागा बदलू नका. नाकाबंदीच्या उजेडात ती हालचाल लांबून दिसते आणि पुढे तीच तुमच्याविरुद्ध साक्षीत येते.

गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन खात्याचा अधिकारी तुम्हाला श्वासाचा नमुना मागू शकतो. त्यासाठी संशयाला सयुक्तिक कारण असावे लागते. चाचणी देताना शांतपणे तीन गोष्टी करा. नळी नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असावी असा आग्रह धरा. फुंकण्याआधी यंत्रावर शून्य दिसते का ते पाहा. आणि गेल्या पंधरा मिनिटांत माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेले औषध घेतले असेल, किंवा उलटी झाली असेल, तर ते आधीच सांगा. तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो आणि साधारण पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरतो. तेवढे थांबून पुन्हा चाचणी घ्या, अशी विनंती करता येते, कारण कायद्यातच ‘एक किंवा अधिक’ नमुन्यांची तरतूद आहे.

मग येते ती कागदाची छोटीशी पट्टी. ती दिव्याखाली धरून सावकाश वाचा. नाव तुमचेच आहे का, तारीख आणि वेळ बरोबर आहे का, यंत्राचा क्रमांक आहे का आणि आकड्यापुढे एकक कोणते आहे. काही यंत्रे १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅम दाखवतात. काही टक्क्यांत दाखवतात, तिथे मर्यादा ०.०३ असते. काही एक लिटर श्वासामागे मिलिग्रॅम दाखवतात, तिथे तीच मर्यादा सुमारे ०.१४ येते. एककाचा घोळ हा एखाद्या खटल्याचा कणा ठरू शकतो. पट्टीचा फोटो काढण्याची परवानगी मागा आणि सही करण्यापूर्वी वाचा.

चाचणीच नाकारली तर? पुष्कळांना ही हुशारी वाटते. मला ती साफ चुकीची वाटते. नकार दिला आणि दारूचा सयुक्तिक संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. शिवाय कलम २०५ प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळकटी देणारा मानला जातो.

पायरी दुसरी: पहिले दोन तास

अटक झाली तर सगळ्यात आधी घड्याळ पाहा आणि अटकेची वेळ लक्षात ठेवा. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. नाही झाली तर ताब्यातून सोडावे लागते. पुढे खटल्यात माझे निम्मे प्रश्न याच दोन तासांभोवती फिरतात. अटक किती वाजता, दवाखान्यात नोंद किती वाजता, डॉक्टरांची सही किती वाजता. अशिलाला यातले काहीच आठवत नसेल तर मी फक्त पोलिसांच्या कागदावर अवलंबून राहतो.

पोलीस ठाण्यात तुम्हाला श्वासचाचणीची आणखी एक संधी मिळायला हवी. यंत्रावर अल्कोहोल दिसले किंवा तुम्ही चाचणी नाकारली असेल, तर रक्ताचा नमुना मागता येतो. तो डॉक्टरनेच घ्यायचा. अटक केलेली व्यक्ती स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसू नये, बाटली तुमच्यासमोर सीलबंद व्हावी आणि तिच्यावर नाव व वेळ लिहिलेली असावी.

यंत्राचा आकडा तुम्हाला मान्य नसेल तर रक्तचाचणीची मागणी स्वतःहून लेखी करा. पण एक प्रामाणिक सल्ला देतो: खरोखर प्यायला असाल तर प्रयोगशाळेचा अहवाल ते आणखी पक्के करील. ही मागणी ज्याने दारू घेतलेली नाही त्याच्या हिताची आहे.

अटकेची कारणे समजणे, नातेवाइकाला कळवले जाणे आणि वकिलाला भेटणे हे तुमचे हक्क आहेत. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. किती प्यायलात, कोणाबरोबर, कुठे, याच्या गोष्टी सांगत बसू नका. नाव-पत्ता खरा द्या, वाद घालू नका.

जामीन आणि गाडी

नुसता कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा हक्क आहे. गाडी ठाण्यात अडकली असेल तर ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळावी म्हणून अर्ज करा. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे.

अपघात झाला असेल तर

मग हा लेख पुरेसा नाही, त्याच रात्री फौजदारी वकील गाठा. जखमीला सोडून जाऊ नका. त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे तुमचे कायदेशीर कर्तव्य आहे. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परिणामांची जाणीव असूनही गाडी चालवली असे दिसले तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा गाडीखाली मृत्यू झाला. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होते, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चौपट. सदोष मनुष्यवधाची त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. दिवसभर राबून झोपलेली ती माणसे होती. ‘दोनच घेतले होते’ हे वाक्य ऐकताना मला ती आठवतात.

विम्याचेही लक्षात घ्या. दारूच्या अंमलाखाली गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. चाचणी झाली नसली तरी इतर परिस्थितीवरून कंपनीला हे सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. जखमींना मात्र भरपाई मिळावी म्हणून न्यायालये कंपनीला आधी पैसे द्यायला सांगून ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात.

पायरी तिसरी: कोर्टात

तारखेला वेळेवर जा. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघते. गुन्हा कबूल आहे का, असे विचारले जाईल तेव्हा उत्तर आधीच ठरलेले हवे, आणि ते कागद पाहून ठरवायचे असते. आरोपपत्र, यंत्राची पट्टी, वैद्यकीय दाखला, प्रयोगशाळेचा अहवाल यांच्या नकला मागून घ्या.

वकील काय तपासतो? यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे होते का, त्याच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते अचूक मोजते याच्या तपासणीचा, दाखला त्या तारखेला चालू होता का, चाचणी घेणारा साक्षीला येतो का. गाडी तुम्हीच चालवत होतात हे कोणी पाहिले. नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेला. दोन तासांची अट पाळली का. आणि चाचणीच नसेल, फक्त ‘तोंडाला वास, चाल अडखळती, बोलणे असंबद्ध’ असा दाखला असेल, तर तेवढ्यावरून माणूस दारूच्या अंमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले आहे. यांतल्या एखाद्या मुद्द्याला खरेच जोर असेल तर खटला लढवा.

कागद स्वच्छ असतील आणि तुम्ही प्यायला होतात हे तुम्हालाही ठाऊक असेल, तर मी अशिलाला खोटा बचाव उभा करू देत नाही. अशा वेळी शिक्षेवर बोलायचे असते. पहिलाच गुन्हा, अपघात नाही, घरची जबाबदारी, परिवीक्षेची (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची) विनंती. कबुलीनंतर अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा तिच्या कायदेशीरपणावर करता येते, गुन्हा झालाच नाही असे म्हणता येत नाही. खटला लढवून हरलात तर सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस मिळतात.

पायरी चौथी: लायसन्स

लायसन्सवर दोन बाजूंनी घाव येतो आणि लोक दुसरा विसरतात. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. तिथे तुम्हाला म्हणणे मांडायची संधी मिळते, ती सोडू नका. पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता होऊ शकते, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच. त्या आदेशावरही तीस दिवसांत अपील आहे. दुसरा घाव कोर्टाचा: कलम १८५ खाली दोषी ठरवताना कलम २० प्रमाणे किमान सहा महिन्यांची अपात्रता कोर्टाने घालायची असते. ज्याची भाकरी गाडी चालवण्यावर आहे त्याला दहा हजारांपेक्षा हे सहा महिने भारी पडतात, म्हणून असा अशील बाकावर दिसला की मी आधी याबद्दलच बोलतो.

लायसन्स जप्त करताना पोलीस एक पोच देतात. ती जपून ठेवा, पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. अपात्रतेच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कोर्टातून बाहेर पडताना गाडीची किल्ली बरोबर आलेल्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारच्या सीटवर बसा.