.२२ पिस्टलवर ओपन साइट, रेड डॉट की स्कोप? २५ मीटरवर सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांगली-साताऱ्याकडं हल्ली १० मीटर एअर पिस्टल मारणारी पोरं बरीच झालीत, २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरची दोन ब्राँझ आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं रायफलचं ब्राँझ आल्यापासून तर आईबापच पोरांना गाडीवर बसवून आणून सोडतात. आणि एअरवर हात जरा बसला की प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला, "सर, .२२ कधी?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "त्याच्यावर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच) बसतो ना?" बसतो की. पण बसतो म्हणून लावायचाच असं नाही. मला प्रत्येकाला तेच तेच सांगायला लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी कायद्याचं, कारण इथं लय गैरसमज आहेत. .१७७ चं एअर पिस्टल २० ज्यूलच्या आत असेल तर त्याला लायसन्स लागत नाही, पण .२२ हे खरंखुरं फायरआर्म आहे, १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली येतं, लायसन्स जिल्हाधिकारी ऑफिसातून, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं आलं. "आमच्या उसाच्या फडात मारून बघू की सर, तिकडं कोण येतंय" असं कुणी म्हणालं की मी बोलणंच थांबवतो. .२२ ची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी असली तरी दीड किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते, आणि आपल्याकडं दीड किलोमीटरात एक वस्ती, एक शाळा आणि दोन पाणंद रस्ते सहज येतात. रेंजवरच मारायचं. आपल्या भागातल्या पोरांना .२२ साठी कोल्हापूर नाहीतर पुण्यात बालेवाडी गाठावं लागतं, त्याला इलाज नाही.

आता गोळी. .२२ लाँग रायफल १८८७ पासून आहे, साधारण ४० ग्रेनचं शिसं, म्हणजे २.६ ग्रॅम. हिचा बार (दारू पेटवणारा मसाला) बुडाच्या मध्यात नसतो तर बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, म्हणून हिला रिमफायर म्हणतात. यातून दोन गोष्टी निघतात ज्या नवीन पोरांना कोणी सांगत नाही. एक, रिकाम्या पिस्टलवर खटाखट ट्रिगर ओढायचा नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये पिन थेट चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) काठावर आपटून काठ चेपतो, तेव्हा स्नॅप कॅप (बार नसलेली नकली गोळी) वापरा नाहीतर मॅन्युअलमध्ये ड्राय फायरला परवानगी आहे का ते बघा. दोन, कडेत बार सगळीकडं सारखा पसरलेला नसला की मिसफायर होतो आणि .२२ ला तो होतोच. ट्रिगर दाबला आणि आवाज नाही आला, तर पिस्टल टार्गेटकडंच धरून ३० सेकंद थांबायचं, मग काढायची गोळी. तोंड वळवून "सर बघा की काय झालं" करायचं नाही. आणि नेहमीसारखा ठो न येता फुस्स असा आवाज आला तर तिथंच थांबा, शिसं बॅरलमध्ये अडकलेलं असू शकतं, रॉड घालून बघितल्याशिवाय पुढची गोळी मारायची नाही. इअरमफ आणि चष्मा .२२ ला पण लागतोच, "आवाज कमी आहे" ही कारणं नकोत.

गोळी घेताना स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाची) घ्या, हाय व्हेलॉसिटीचा कागदी टार्गेटवर काही फायदा नाही, उलट टार्गेट पिस्टलं स्टँडर्डवरच नीट चालतात. एक लॉट चांगला बसला की त्याच लॉटची जमेल तेवढी उचला.

तर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन. ISSF (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) ला मराठीत आयएसएसएफच म्हणूया, त्यांच्या पिस्टलच्या सगळ्या इव्हेंटला फक्त ओपन साइट चालते. डॉट नाही, स्कोप नाही, लेझर नाही. राही सरनोबतचं २०१८ च्या एशियन गेम्समधलं २५ मीटरचं गोल्ड असो की विजय कुमारचं २०१२ च्या लंडनमधलं रॅपिड फायरचं सिल्व्हर, मागं एक खाच आणि पुढं एक चौकोनी पोस्ट, बास. त्यामुळं ज्याला स्टेट-नॅशनल खेळायचंय त्याचा प्रश्न इथंच मिटला, शिकायची ती ओपन साइट. अमेरिकेत बुल्सआय म्हणून मॅच असते, तिथं .२२ वर रेड डॉट सर्रास दिसतो, व्हिडिओ तिकडचे बघून पोरं इकडं मागणी करतात.

ओपन साइटमध्ये बघायचं एवढंच: पोस्टचा माथा खाचेच्या माथ्याला लेव्हल, आणि पोस्टच्या दोन्ही बाजूला उजेडाची फट सारखी. नजर पोस्टवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे, मागची खाच पण थोडी धूसर. हे ऐकायला सोपं वाटतं पण पोरांचा जीव टार्गेटमध्ये अडकलेला असतो, डोळा सारखा तिकडं पळतो. मी मग त्यांना गणित घालतो. समजा पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२ सेंटीमीटर. २५ मीटरला २२ सेंटीमीटरनं भागा, साधारण ११४ येतात. म्हणजे पोस्ट खाचेत अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी गोळी टार्गेटवर जवळजवळ ५७ मिलिमीटर बाजूला जाणार. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे दहा गेला, नऊ पण गेला, आठ हातात. आणि आता दुसरं बघा, साइट एकदम बरोबर लावलेली आहे पण अख्खा हातच दोन सेंटीमीटर इकडं सरकला, तर गोळी पण दोनच सेंटीमीटर सरकते, दहातच राहते! मग तुम्ही कशाची काळजी करायची, हात हलतो त्याची का पोस्ट हलते त्याची? हात सगळ्यांचाच हलतो, मोठमोठ्या शूटरचा पण हलतो.

होल्ड, म्हणजे साइट टार्गेटवर कुठं टेकवायची, यावर आमच्याकडं चहाच्या टपरीवर पण भांडणं होतात. माझं मत सब-सिक्स, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलाच्या खाली थोडी पांढरी पट्टी सोडून, कारण काळ्या साइटवर काळं टार्गेट आलं की पोस्टची कड दिसेनाशी होते. मध्यात धरणारे पण चांगले मारतात, ज्याला जे जमतं ते, फक्त रोज बदलू नका. आणि उन्हात साइट चकाकायला लागली की कड खोटी दिसते, ग्रुप (मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) एका बाजूला जातो आणि पोरगं उगाच स्क्रू फिरवत बसतं. जुने शूटर साइटवर काजळी धरतात, गोळ्या भरायच्या आधी रिकाम्या पिस्टलच्या साइटला मेणबत्तीची काजळी दिली की मस्त मॅट काळं होतं. करून बघा.

आता रेड डॉट. आत एक छोटा एलईडी असतो, त्याचा उजेड कोटिंग केलेल्या काचेवरून परत तुमच्या डोळ्याकडं येतो, तेवढंच. स्वीडनच्या एमपॉइंटनं १९७५ मध्ये पहिला आणला. याच्यात दोन साइट जुळवायची भानगड नाही, डॉट आणि टार्गेट दोन्ही एकाच नजरेत स्पष्ट, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांना हे वरदान वाटतं. आमच्याकडं एक रिटायर्ड काका आहेत, त्यांना पोस्ट दिसायचीच बंद झाली होती, डॉट लावला आणि म्हणाले, "अरे, मला वाटलं माझं शूटिंग संपलं." त्यांना मॅच खेळायची नाही, त्यांच्यासाठी डॉट एकदम बरोबर. (मॅच खेळणाऱ्या वयस्कर मंडळींनी मात्र डोळ्याच्या डॉक्टरांकडं जाऊन शूटिंगच्या चष्म्याला लांबच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण प्लस घालून बघावा, पोस्ट परत दिसायला लागते, वाचायचा चष्मा त्या कामाला चालत नाही.)

डॉट घेताना तो किती एमओएचा (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) आहे ते बघा. १ एमओए म्हणजे २५ मीटरवर सव्वासात मिलिमीटर. ३ एमओएचा डॉट २२ मिलिमीटर झाकतो, ६ चा ४४, म्हणजे जवळपास अख्खा दहा. कागदावर ग्रुप काढायला ३ घ्या, पटापट प्लेटा पाडायला ६ बरा. ब्राइटनेस सगळ्यात जास्त ठेवतात लोक, तसं करू नका, डॉट बारीक आणि गोल दिसेल एवढाच ठेवा. आणि तो गोल न दिसता चांदणीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा फाटलेला दिसला तर दुकानदाराशी भांडायच्या आधी मोबाईलचा कॅमेरा काचेसमोर धरून बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर डॉट चांगला आहे, तुमच्या डोळ्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या गोलाईतला दोष) आहे.

डॉटचा एक त्रास आहे. ओपन साइटवर हाताचं हलणं फारसं कळत नाही, डॉट मात्र टार्गेटवर भिंगरीसारखा फिरताना दिसतो, आणि मग पोरं डॉट दहावर आला रे आला की ट्रिगर खेचतात. संपलं. डॉट फिरू द्यायचा काळ्यात, आणि ट्रिगरवर दाब हळूहळू वाढवत राहायचं, कधी सुटेल ते तुम्हाला नक्की कळता कामा नये.

पण याच्याच जोरावर डॉट हा लय भारी मास्तर पण आहे, आणि मी तो मॅच खेळणाऱ्या पोरांना पण अधूनमधून लावतो तो यासाठीच. मिरजेची एक मुलगी आहे, उजव्या हाताची, तिचे शॉट सारखे खाली-डावीकडं, सातच्या काट्याकडं. ती म्हणायची, "साइटच हललीय सर, मी काय करत नाही." तिच्या मॅगझिनमध्ये तिला न सांगता एक स्नॅप कॅप मधेच भरली. तीन गोळ्या ठो ठो ठो, चौथ्याला टिक्. आणि आवाज नाही, झटका नाही, तरी डॉट सरळ खाली टार्गेटच्या बाहेर. तिनं स्वतःच बघितलं. पिस्टल खाली टेकवून माझ्याकडं बघून हसली, साइटचा विषय परत काढला नाही. ओपन साइटवर हेच तिला दाखवायला मला महिना घसा कोरडा करावा लागला असता. हे फक्त रेंजवर, कोचच्या देखत करायचं, आणि टिक् झालं की तीसपर्यंत मोजायचंच, ती स्नॅप कॅप होती का मिसफायर हे त्या क्षणी शूटरला माहीत नसतं.

डॉट कुठं बसवायचा हेही महत्त्वाचं. रूगर मार्क फोर किंवा वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्टलमध्ये वरचा भाग बॅरलबरोबर स्थिर असतो आणि आतला बोल्टच मागं-पुढं होतो, तिथं माउंट केलेला डॉट झिरो (नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी जुळवणी) चांगला धरतो. अख्खी स्लाइड मागं येणाऱ्या पिस्टलवर तो प्रत्येक शॉटला आपटा खातो. स्क्रू निळ्या लॉकटाइटनं (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) बसवा आणि पेनानं एक रेघ मारून ठेवा, हलला तर लगेच दिसतो.

स्कोपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पिस्टलचा स्कोप वेगळा येतो, हात लांब करून बघता येईल असा, रायफलचा स्कोप डोळ्यापासून आठ-नऊ सेंटीमीटरवर धरावा लागतो तो इथं कामाचाच नाही. दोन पट मोठं दिसतं म्हणजे हाताचं हलणं पण दोन पट दिसतं. उभं राहून एका हातानं मारायला निरुपयोगी. सँडबॅगवर टेकून कुठली गोळी चांगला ग्रुप देते ते बघायला मात्र स्कोपसारखं काही नाही.

झिरो करताना घाई नको. आधी १० मीटरवर कागदावर आणा, मग २५. मनगट बॅगवर टेकवा, पिस्टल टेकवू नका. एका गोळीवर स्क्रू फिरवायचा नाही, पाच गोळ्यांचा ग्रुप काढून त्याचा मध्य बघायचा. मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते, डॉटवर बाण असतो तो पण गोळी जायची दिशाच दाखवतो. समजा ग्रुप ६ सेंटीमीटर खाली आणि साडेतीन डावीकडं, आणि डॉटची क्लिक १ एमओएची: ८ क्लिक वर, ५ उजवीकडं. मग परत पाच. २५ वर झिरो केलेला डॉट १० मीटरवर साधारण एक-सव्वा सेंटीमीटर खाली मारतो, कारण काच बॅरलच्या वर तीन-चार सेंटीमीटर बसलेली असते. त्याला परत झिरो करत बसू नका.

.२२ घाण फार करते, गोळीवरचं मेण आणि शिसं दोन्ही उडतं. उघड्या प्रकारच्या डॉटमध्ये एलईडीच्या समोर एक कण बसला तरी डॉट गायब, बॅटरी संपली म्हणून लोक नवीन आणतात. आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ कापड, शर्टाच्या टोकानं पुसू नका. मारून झालं की वडापावला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवा, शिसं पोटात जाणं चांगलं नाही. आणि पावसाळ्यात, साताऱ्याकडच्या हवेत तर जास्तच, केसच्या फोममध्ये ओलावा धरतो, पिस्टल त्यात तसंच ठेवलं की आठवड्यात गंजाचे ठिपके. घरी आलं की पुसून, तेलाचा हात देऊन, केसच्या बाहेर कुलपात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डॉटची बॅटरी काढून ठेवा, नुसता ब्राइटनेस कमी केला म्हणजे तो बंद झालेला नसतो.