बोलिंग बॉलमध्ये बोटं नीट बसत नाहीत? या चुका टाळा

पुण्यातल्या मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी बोलिंग लेनजवळ दहा मिनिटं उभं राहून बघा. बॉल उचलला रे उचलला की बहुतेकांची मूठ आवळली जाते. हातात बसत नाही म्हणून आवळायचं, आणि आवळल्यामुळे तो वेळेवर सुटत नाही. नीट बसलेला बॉल हात सैल लोंबत असतानाही निसटत नाही. तेवढं जमलं की फिट जमला.

हाउस बॉलवरचा, म्हणजे तिथल्या रॅकवरच्या सर्वांसाठीच्या बॉलवरचा, आकडा हे पौंडातलं वजन असतं, बोटांचं माप नव्हे. वजन वाढतं तशी भोकं साधारण मोठी होत जातात, म्हणून जाड अंगठ्याचा माणूस झेपत नसतानाही १५ चा बॉल उचलतो आणि तिसऱ्या गेमला मनगट धरून बसतो. आधी वजन ठरवा. मग रॅकवरचे त्या आकड्याचे सगळे बॉल तपासा, कारण त्यांची भोकं एकसारखी नसतात. अंगठा मुळापर्यंत घालून गोल फिरवा. भिंत सगळीकडून हलकी घासली पाहिजे, पण अंगठा अडता कामा नये. रांगेत मागे कोणी उभं आहे म्हणून ही तपासणी टाळू नका.

आता सर्वांत महागात पडणारी चूक: स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटाच्या भोकाच्या कडेपर्यंतचं अंतर. ते अंदाजानं ठरवायची गोष्ट नाही. निगडीच्या एका तरुण खेळाडूनं अमेरिकेहून येणाऱ्या चुलतभावाकरवी १५ पौंडांचा बॉल मागवला. २३ किलोच्या बॅगेतले जवळजवळ ७ किलो त्यातच गेले. माप म्हणून त्यानं कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढली आणि तिचा फोटो पाठवला. कागद सपाट असतो, बॉल गोल. शिवाय अंगठा आणि तर्जनीमधली कातडी किती ताणते, हे रेषेत दिसत नाही. बॉल आला तेव्हा स्पॅन जवळपास ३/८ इंच लांब होता. पंधरा दिवसांत अंगठ्याच्या बुडाशी आतली कातडी सोलून निघाली. त्याला वाटलं भोक घट्ट आहे, म्हणून घरीच पॉलिश पेपरनं चहूबाजूंनी घासलं. अंगठा ढिला झाला. मग ढिला अंगठा धरून ठेवायला तो पेर वाकवू लागला, आणि कोपरापर्यंत कळ जायला लागली. शेवटी अंगठ्याचं भोक बुजवून बोटांच्या जवळ नवं पाडावं लागलं. मूळ दोष भोकाच्या रुंदीत नव्हताच.

हाउस बॉलचा स्पॅन असा बघा. अंगठा पूर्ण आत घाला आणि मधलं बोट व अनामिका न ताणता बॉलवर पसरा. टोकाकडून दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या अलीकडच्या कडेच्या साधारण पाव इंच पुढे पडायला हवी. ती कडेपर्यंतही पोचत नसेल तर स्पॅन लांब आहे. फार पुढे गेली आणि तळहाताखाली मोठी पोकळी राहिली तर आखूड. स्वतःचा फिंगरटिप बॉल घेताना, ज्यात बोटं पहिल्या सांध्यापर्यंतच जातात, दुकानातल्या माप घ्यायच्या बॉलवर हात ठेवूनच माप द्या. दोन्ही बोटांचे स्पॅन वेगळे असतात, म्हणून दोन्ही मोजायला लावा. भोक पाडणारा एकच मोजत असेल तर त्याला थांबवा.

हातावरचे घट्टे खोटं बोलत नाहीत. अंगठ्याच्या पाठीवर, सांध्यावर घट्टा असेल तर तुम्ही अंगठा वाकवून बॉल पकडता, म्हणजे भोक ढिलं आहे किंवा स्पॅन आखूड. एकाच बाजूला कातडी लाल होत असेल तर बहुधा भोकाचा तिरकेपणा, म्हणजे पिच, चुकलं आहे. ते भोकात टेपच्या पट्ट्या चिकटवून सुटत नाही. भोकाची कड बोचत असेल तर बेव्हल, म्हणजे कडेला दिलेला गोलावा, कमी आहे, एवढंच.

दुसरी हट्टी चूक म्हणजे अंगठ्याचं माप एकदाच घेऊन कायमचं समजणं. अंगठा दिवसभर सारखा राहत नाही. जुलैत सिंहगड रस्त्यावरून पावसात गाडी चालवत आलेल्याचा अंगठा गार आणि आक्रसलेला असतो. तोच दोन गेमनंतर फुगतो. पहिल्याच फ्रेमला, म्हणजे पहिल्या पाळीला, ढिलं वाटलं म्हणून घाईनं तीन पट्ट्या चिकटवणारे तिसऱ्या गेमला अंगठा अडकवून बसतात. भोक मुळात किंचित मोठंच ठेवा आणि बोलिंग टेपनं जुळवा. अंगठा कोरडा करा, एका वेळी एकच पट्टी नखाच्या बाजूला, बेव्हलच्या जरा खाली लावा, चार बॉल टाका, मगच दुसरीचा विचार करा. नखाच्या बाजूला लावल्यानं अंगठ्याच्या पोटाला लागणारा स्पर्श बदलत नाही. अंगठा फुगला की चिमट्यानं एक पट्टी काढा. इलेक्ट्रिशियनची काळी टेप चालत नाही, तिचा गोंद घामानं सुटून बोटाला लागतो. भोकात एम-सील तर कधीच भरू नका.

भोक खरंच घट्ट असेल तर पॉलिश पेपर लाकडी दांडीला गुंडाळून घासा, आधी १५० नंबर, शेवटी ३२०. दहा-बारा हात मारा, भुकटी पुसा, अंगठा घालून बघा. तोंडाला रुमाल हवा. ड्रिल मशिन लावायची घाई करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की भोकं पाडणारे १/६४ इंचाच्या टप्प्यानं मापं बदलतात. काढलेला माल परत घालता येत नाही.

नखं वाढवून खेळू नका. वाढत्या वयाच्या मुलाचा बॉल दर सहा महिन्यांनी तपासा. जुना बॉल विकत घेताना भोकं मोजा: पकडीसाठी न वापरलेलं चौथं भोक असेल तर युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकेतल्या बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानं १ ऑगस्ट २०२० पासून तो बॉल बाद आहे, ते बुजवावं लागेल.

आणि बोटांचे रबरी इन्सर्ट, म्हणजे बोटांच्या भोकांत बसवलेल्या रबरी नळ्या, कडक झाले, चिरले की जोडीनं बदला. पक्कडीनं आतल्या बाजूला दुमडून ओढले की निघतात. भिंतीवरचा जुना गोंद खरवडून टाका. नवे बसवताना फेविक्विक सगळीकडे फासू नका. समोरासमोर दोन थेंब पुरतात, नाहीतर पुढच्या वेळी ते तुकड्यातुकड्यानं काढावे लागतील.