घरशाळेतला नाताळ : या चुका टाळा

मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना डिसेंबरमध्ये एक मोकळीक असते, ती म्हणजे वेळापत्रक त्यांच्या हातात असतं. गॅदरिंगच्या तालमी नसतात, २३ तारखेपर्यंत वर्गात बसायची सक्ती नसते. तरीही २० तारीख उजाडेपर्यंत यातल्या कितीतरी घरांत आई थकलेली, मुलं कुरकुरणारी आणि पवित्र शास्त्र टेबलावरच्या रंगीत कागदांखाली दबलेलं, अशी स्थिती होते. चुका दरवर्षी त्याच असतात, आणि बहुतेक चुका उत्साहातून होतात.

आगमनकाळाचा अभ्यासक्रम करणं

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे, येशूच्या जन्माची वाट पाहण्याचा काळ. त्याचा अभ्यासक्रम करणं ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

घरशाळा चालवणाऱ्या पालकांना तक्ते करायची सवय असते. नोव्हेंबर संपत आला की इंटरनेटवरून २४ दिवसांचे २४ उपक्रम उतरवले जातात. प्रत्येक दिवसाला एक उतारा, एक चित्र, एक हस्तकला, एक गाणं, एक प्रश्नपत्रिका. कागदावर ते फार सुंदर दिसतं.

नाशिककडच्या एका घरात काय झालं ते पाहा. नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. पहिले पाच दिवस सगळं व्यवस्थित. सहाव्या दिवशी, ज्यांच्यावरून सांता आला त्या संत निकोलसचा सण म्हणून मोजे शिवायचे होते, ते अर्धेच राहिले. नंतर चर्चमधल्या कॅरल गटाचा सराव सुरू झाला, मग धाकट्याला ताप आला. मधल्या रविवारी आईने मागे पडलेले सहा दिवस एकाच दुपारी उरकायला घेतले. मरीयेला देवदूत भेटतो तो उतारा वाचून होतो न होतो तोच मुलाने विचारलं, "आई, अजून किती पानं राहिलीत?" त्या दिवशी त्या घरात वचनाचा गृहपाठ झाला होता. आणि राहिलेला गृहपाठ मुलाला नकोसाच वाटणार, त्यात त्याचा काय दोष?

यावर उपाय एकच: रोज नवं काही करायचं नाही, रोज तेच करायचं. संध्याकाळी जेवणाआधी मेणबत्ती लावायची, एक उतारा वाचायचा, आठवड्याचं एक वचन सगळ्यांनी मिळून म्हणायचं, एक गीत गायचं, एक छोटी प्रार्थना. बारा ते पंधरा मिनिटं. हस्तकला नाही, प्रश्नपत्रिका नाही. लहान मुलांना तेच ते आवडतं. नावीन्याची घाई मोठ्यांना असते. चार आठवड्यांत चार वचनं पाठ झाली की पुष्कळ झालं: यशया ९:६, मीखा ५:२, लूक १:३८ आणि लूक २:११.

एक दिवस चुकला तर तो सोडून द्या. दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचंच वाचा. "काल राहिलेलं भरून काढू" हे वाक्य डिसेंबरमध्ये घरात उच्चारू नये, असं माझं ठाम मत आहे.

नेहमीच्या अभ्यासाचंही आधीच ठरवा. गणिताचा सराव आणि मोठ्याने वाचन एवढं १५ डिसेंबरपर्यंत चालू ठेवायचं, बाकीचे विषय आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बंद करायचे आणि ६ जानेवारीनंतर उघडायचे. सगळे विषय चालू ठेवून वर नाताळ, हे जमत नाही. दरवर्षी कुणीतरी करून पाहतं आणि दोन्ही बिघडतं.

दिवसांची मोजणी चुकवणं

आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू होतो असं धरून चालू नका. नाताळाआधीचे चार रविवार मोजायचे. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेही येतो. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा असतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे २६ दिवस. २०२८ मध्ये ३ डिसेंबरला, म्हणजे जेमतेम २२, आणि चौथा रविवार २४ तारखेलाच येतो. तयार तक्ता घेतला की पहिल्याच आठवड्यात गोंधळ होतो तो यामुळे. आधी दिनदर्शिका, मग उतारे.

कथेचे तुकडे करून देणं

आपल्या मुलांना गव्हाणी, मेंढपाळ, तारा, तीन राजे हे सगळं माहीत असतं, पण एकाच चित्रात. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत आणि मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, ज्यांना आपण तीन राजे म्हणतो) मत्तयच्या, हे विचारलं तर दहा वर्षांची मुलंही गडबडतात. मागी किती होते हे मत्तय सांगतच नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन धरली गेली. ते घरात आले असं मत्तय २:११ म्हणतं, गोठ्यात नाही. ज्या घरात मूल रोज पुस्तक उघडून शिकतं, त्या घरात निदान हे तरी मूळ उताऱ्यातून कळायला हवं.

वाचनाचा क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात संदेष्टे: यशया ९:२-७, यशया ११:१-१०, मीखा ५:२-४. दुसऱ्या आठवड्यात लूकचा पहिला अध्याय चार भागांत: जखऱ्या, गब्रीएल आणि मरीया, अलीशिबेची भेट, योहानाचा जन्म. तिसऱ्या आठवड्यात मत्तय १:१८-२५, म्हणजे योसेफाची बाजू, आणि योहान १:१-१४. चौथ्या आठवड्यात लूक २:१-२०, दर वेळी संपूर्ण. आठवडा दोन-तीन दिवसांचाच असला तरी हेच. प्रत्येक उतारा दोन दिवस घ्या; दुसऱ्या आठवड्यातला एखादा दिवस तिसऱ्यात गेला तरी चालतं. पहिल्या दिवशी मोठ्यांनी वाचायचा, दुसऱ्या दिवशी मुलांनी आपल्या शब्दांत सांगायचा. सांगताना मध्येच दुरुस्त करू नका; चुकलं असेल तर नंतर तोच उतारा पुन्हा वाचा, मूल स्वतःच चूक पकडतं. बालबायबलमधली गोष्ट पाच वर्षांखालच्यांसाठी ठीक. त्यापुढच्या मुलांना मूळ मजकूर झेपत नाही ही समजूत काढून टाका.

गव्हाणीचा देखावा मांडता येतो, पण टप्प्याटप्प्याने. आधी रिकामा गोठा आणि जनावरं, २४ तारखेच्या रात्री बाळ येशू आणि मेंढपाळ. मागी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर ठेवा आणि ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे त्यांच्या भेटीच्या सणापर्यंत, थोडे थोडे पुढे सरकवा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात जिवंत जनावरं आणि गवत आणून जन्माचा देखावा उभा केला, तो लोकांना बेथलेहेम डोळ्यांनी दिसावं म्हणून. महागड्या मूर्ती त्यासाठी लागत नाहीत. शाडूच्या, घरी केलेल्या चालतात. मात्र त्या सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. उन्हात ठेवल्या की मानेपाशी तडा जातो.

गीतांबाबत एक सुचवतो. फक्त इंग्रजी कॅरल शिकवून थांबू नका. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आहेत, पेटी-तबल्यावर म्हणता येतात. आणि इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते मराठी ओवीत. त्यातल्या ख्रिस्तजन्माच्या आठ-दहा ओव्या आठवी-नववीच्या वयाच्या मुलांबरोबर वाचल्या, तर भाषेचा तास आणि उपासना एकत्रच होतात. भाषा जुनी आहे, त्यामुळे एका बैठकीत चार ओव्यांपुढे जाऊ नका.

मेणबत्त्यांची चक्री

आगमनकाळात लावायच्या गोल चक्रीत पाच मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी, मध्ये नाताळाची पांढरी. दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. गुलाबी तिसऱ्या रविवारी. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली योहान विखर्न यांनी मुलांसाठी केलेल्या पहिल्या चक्रीत गाडीच्या चाकावर चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकी लहान लाल मेणबत्त्या होत्या, त्यामुळे जांभळ्या मिळाल्या नाहीत म्हणून अडून बसायचं कारण नाही. पांढऱ्याच घ्या.

बिघडतं ते इथे: पहिली मेणबत्ती चौथ्या आठवड्याआधीच संपते. दोन सेंटीमीटर जाडीची मेणबत्ती तासाला अंदाजे अडीच सेंटीमीटर जळते. रोज १५ मिनिटं, २६ दिवस म्हणजे साडेसहा तास, म्हणजे सोळा-सतरा सेंटीमीटर. २० सेंटीमीटरची मेणबत्ती पुरते, पण प्रार्थना झाली की विझवली तरच. जेवण होईपर्यंत ठेवली तर दहा-बारा दिवसांत संपते. हा हिशेब पाचवीच्या मुलाकडूनच करून घ्या.

पितळी परातीत दोन इंच ओली वाळू, तीत मेणबत्त्या, भोवती सुरूची किंवा अशोकाची डहाळी. डहाळी दर शनिवारी बदलायची. वाळलेला सुरू ठिणगीने पेटतो. रिबन बांधायची तर बुडाशी, ज्योतीजवळ नाही.

तारा २३ तारखेला करायला घेणं

नाताळच्या ताऱ्याला, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या कंदिलाला, निदान दोन निवांत दुपारी लागतात, त्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढा. विकतचा तारा लावायला हरकत नाही, पण ज्यांच्या घरात वेळ आहे त्यांनी ही संधी का घालवावी हे मला कळत नाही.

बुरुडाकडून ६० सेंटीमीटरच्या १० सारख्या कामट्या आणि १२ सेंटीमीटरच्या पाच घ्या. सारख्या म्हणजे मोजून सारख्या. एक सेंटीमीटर फरक पडला तरी तारा वाकडा होतो. प्रत्येक लांब कामटीवर एका टोकापासून २३ आणि ३७ सेंटीमीटरवर खुणा करा. पाच कामट्यांचा एक तारा बांधताना कामट्या याच खुणांवर एकमेकींना छेदल्या पाहिजेत, मग प्रत्येक टोकाचा कोन आपोआप ३६ अंश येतो. कामट्या एकीवरून एक, एकीखालून एक अशा विणत न्या. नुसत्या एकावर एक ठेवल्या की सांगाडा लुळा पडतो. असे दोन तारे करून पाचही टोकं बांधा आणि आतल्या पाच छेदांमध्ये लहान कामट्या आडव्या अडकवा, म्हणजे पोट फुगतं.

पतंगाचा कागद खळीने चिकटवताना कडेला दीड सेंटीमीटर जास्त ठेवून आत दुमडा. कडा नुसती टेकवली तर डिसेंबरच्या दवाने दोन रात्रींत सुटते. मागची एक पाकळी उघडी ठेवा, दिवा आत घालायला. दिवा तीन ते पाच वॅटचा एलईडीच. जुना तारेचा बल्ब कागद जाळतो.

सगळा फराळ घरी करणं

करंज्या, चकल्या, लाडू, केक, दोदोल, सगळंच घरी केलं तर आई आठवडाभर कढईसमोर असते आणि त्या आठवड्यात वाचन बंद पडतं. एकच पदार्थ निवडा, जो मुलं करू शकतात. कुलकुल उत्तम. पाव किलो मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, दोन मोठे चमचे गरम तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि नारळाचं दूध लागेल तसं. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. मोहन जास्त झालं तर तेलात सुटतात, आच मोठी असली तर आतून कच्ची राहतात. मध्यम आचेवरच तळा, आणि तळण मोठ्यांनी करायचं. १०० ग्रॅम साखरेच्या दोनतारी पाकात घोळवून पसरून ठेवा. बाकीचा फराळ विकत आणा किंवा करूच नका.

भेटवस्तू, सांता आणि दान

आजी-आजोबांना आणि मामा-मावश्यांना ऑक्टोबरातच सांगा. डिसेंबरमध्ये सांगितलं तर खोकी आलेली असतात आणि मनं दुखावतात. एक मूल, एक वस्तू. ती चर्चमधून आल्यावर उघडायची. सकाळी उघडली की उपासनेत मुलाचं लक्ष घरीच राहतं.

सांताबद्दल मुलांशी खोटं बोलू नका. मायराचे बिशप निकोलस चौथ्या शतकातले खरे बिशप, त्यांचा दिवस ६ डिसेंबर; ते सांगा. शेजारच्या मुलांची समजूत मोडायची नाही, हेही त्याच दिवशी सांगा.

दानासाठी २४ तारखेला अनाथाश्रमात जाऊन केक वाटणं आणि फोटो काढणं बंद करा. तिथल्या मुलांना त्या आठवड्यात केक पुष्कळ मिळतो. फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही. आपल्या मंडळीतलं एकटं राहणारं एखादं वृद्ध माणूस निवडा आणि चारही शनिवारी मुलांच्या हातून डबा पाठवा. मुलांनी अर्धा तास बसून बोलायचं, घाई न करता.

२६ तारखेला सगळं आवरून टाकणं

मेणबत्त्या काढल्या, तारा उतरवला, की मुलांच्या मनात नाताळ म्हणजे एक दिवस असं पक्कं बसतं. खरा निवांतपणा तर २५ नंतर मिळतो. २५ डिसेंबर ते ५ जानेवारी या बारा दिवसांत लूक २:२१-४० वाचा, मंदिरात बाळ येशूला ओळखणारे शिमोन आणि हन्ना यांच्यासाठी दोन-तीन संध्याकाळी द्या. मग मत्तय २:१-१२, आणि शेवटी हेरोद राजा आणि मिसर (इजिप्त) देशाकडे पलायन. हा शेवटचा भाग मुलांना नको म्हणून वगळू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो सौम्य शब्दांत सांगता येतो: राजा घाबरला, त्याने दुष्टपणा केला, देवाने योसेफाला स्वप्नात सावध केलं. मोठ्या मुलांबरोबर नकाशा उघडून बेथलेहेम ते मिसर हा रस्ता बोटाने दाखवा.

मधली पांढरी मेणबत्ती रोज लावायची. ६ जानेवारीला मागी बाळ येशूपाशी पोचले की त्या रात्री तारा उतरवा, कागद काढून कामट्या सुतळीने बांधून कोरड्या जागी ठेवा, आणि पाठ झालेल्या वचनांच्या चिठ्ठ्या तारीख घालून डब्यात. दुसऱ्या दिवशी बंद केलेले विषय उघडा.