पहिल्या मॅजिक टूर्नामेंटला जाताना

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या माझ्या पहिल्या टूर्नामेंटचा हिशोब असा: एक सामना जिंकले, एक हरले, दोन अनिर्णित. ऐकायला वाईट नाही. पण मॅजिकमध्ये जिंकलात तर ३ गुण, अनिर्णित राहिला तर १, हरलात तर शून्य. म्हणजे त्या दोन अनिर्णित सामन्यांचे मला मिळून २ गुण मिळाले. त्यातला एक जिंकून दुसरा सपशेल हरले असते, तरी ३ झाले असते. आणि मला अडवलं होतं ते समोरच्याने नाही, घड्याळाने. प्रत्येक पत्ता खेळताना मी गणिताचा पेपर सोडवल्यासारखी विचार करत बसले होते.

म्हणून आता कुणी "कोणता डेक घेऊन जाऊ?" असं विचारलं की मी सांगते, पत्त्यांची जी गड्डी तुला सगळ्यात जास्त पाठ आहे ती. चांगला डेक आदल्या रात्री उसना मिळतो, त्याची सवय मिळत नाही.

आधी फॉरमॅट, म्हणजे त्या स्पर्धेत कोणते पत्ते चालतात, ते नीट वाचा. स्टँडर्डमध्ये फक्त अलीकडचे सेट चालतात, जुने ठरावीक काळाने बाहेर पडतात. मॉडर्नमध्ये २००३च्या आठव्या आवृत्तीपासूनचे पत्ते येतात. दोन्हीकडे डेक किमान ६० पत्त्यांचा, एका नावाचे जास्तीत जास्त चार (बेसिक लँड, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला ताकद देणारे साधे पत्ते, हव्या तेवढ्या) आणि साइडबोर्ड, म्हणजे दोन डावांच्या मध्ये बदलायचे राखीव पत्ते, १५ पर्यंत. स्वतःचा डेकच नसेल तर बूस्टर ड्राफ्टला जा: तीन पाकिटं फोडायची, एकेक पत्ता उचलून उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे आणि त्यातून ४० पत्त्यांचा डेक बांधायचा. त्यात १७ लँड ठेवल्या की सहसा निभावतं. पोकेमॉन किंवा यु-गी-ओह खेळत असाल तर आकडे बदलतील, पण पुढचं बरंचसं तसंच लागू पडेल.

सरावाचा माझा प्रकार कंटाळवाणा आहे, पण त्यानेच मी सुधारले. एकटीने बसायचं, पिसायचं, सात पत्ते उचलायचे आणि एवढंच ठरवायचं: हा हात ठेवायचा की मुलिगन, म्हणजे तो परत करून नवा घ्यायचा? असं तीस वेळा. ६० मध्ये २४ लँड असतील तर सात पत्त्यांत सरासरी २.८ येतात, त्यामुळे दोन-तीन-चार लँडचे हात वारंवार दिसतील. आवडता पत्ता आला नाही म्हणून हात टाकू नका. चारही प्रती डेकमध्ये असल्या तरी पहिल्या सातांत त्यातली एक तरी दिसण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते. हे हात पहिल्या तीन टर्नमध्ये काही करू शकतात का, एवढंच बघायचं. मुलिगन घेतली तर पुन्हा सात उचलायचे आणि जितक्या मुलिगन झाल्या तितके पत्ते तळाला घालायचे. तिसाव्या हाताला उत्तर आपोआप येतं, आणि सामन्यातली तीन-चार मिनिटं तिथेच वाचतात.

पिसण्याचाही सराव करा, हसू नका. टेबलावर सात ढीग करून पत्ते वाटणं म्हणजे मोजणं झालं, पिसणं नव्हे. बायर आणि डायाकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं, की ५२ पत्ते चांगले मिसळायला कॅटचे दोन भाग एकमेकांत घुसवून साधारण सात वेळा पिसावं लागतं. साठांना एखादी वेळ जास्तच धरा. मग डेक समोरच्यापुढे ठेवा आणि त्याचा तुम्ही घ्या. त्याने तुमचा पुन्हा पिसला तर राग मानू नका, तो त्याचा हक्क आहे.

स्लीव्ह, म्हणजे पत्त्यांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटं, नव्या आणि एकाच पाकिटातल्या घ्या, आणि पत्ते घालण्याआधी रिकाम्या स्लीव्हच एकमेकींत मिसळून घ्या. नाहीतर एखाद्या कडेला चिमटलेल्या स्लीव्ह नेमक्या तुमच्या चार महत्त्वाच्या पत्त्यांना मिळतात, आणि खुणेचे पत्ते वापरल्याचा संशय येतो. कागद-पेन न्या. दोघांचंही लाइफ, म्हणजे डावात उरलेला जीव, २० पासून कागदावर उतरवत जा. लाइफ मोजायला ठेवलेला फासा कोपराने उडतो आणि मग "सात होते की नऊ?" हा वाद मिटत नाही.

सामने स्विस पद्धतीने होतात, म्हणजे हरलात तरी बाहेर पडत नाही. पहिली जोडी चिठ्ठ्यांसारखी, नंतर सारखे गुण असलेले समोरासमोर. १७ ते ३२ खेळाडू असतील तर साधारण पाच राउंड होतात. राउंड ५० मिनिटांचा, तीनपैकी दोन डाव जिंकायचे. वेळ संपली की चालू टर्न पुरा होतो आणि दोघांचे मिळून आणखी पाच टर्न. समोरचा रेंगाळत असेल तर आधी हसत "जरा वेगाने खेळू या?" म्हणा. तरी फरक पडला नाही तर हात वर करा.

हात वर करणं, म्हणजे जजला बोलावणं, हे मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. वाटायचं, आपण चुगली करतोय. तसं काही नसतं. पत्त्याचा अर्थ विचारा, नियम विचारा. मुद्दा लांबला तर वाढीव मिनिटं मागून घ्या. निकाल मात्र फाशाने किंवा नाणं उडवून कधीही ठरवू नका, आणि बक्षिसाच्या बदल्यात सामना सोडण्याचं बोलणंही नको. यावर कडक शिक्षा होते, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" चालत नाही.

राउंड संपला, निकाल नोंदवला, की गप्पांआधी साइडबोर्डचे पत्ते मूळ जागी परत. एकदा मी मागच्या डावाची चर्चा करत उठले आणि पुढच्या सामन्याच्या पहिल्याच डावात हातात साइडबोर्डचा पत्ता आला. कान गरम झाले. मीच जजला बोलावलं. त्यांनी पत्ते बदलून दिले, डाव पुढे चालू झाला. मोठ्या स्पर्धेत अशा चुकीपायी डाव जाऊ शकतो. आता मी साठ आणि पंधरा मोजते, मगच पाणी प्यायला उठते.