गोष्ट सांगताना या चुका टाळा (आणि तो नासाचा पेन आता पुरे)

सध्या ज्याला त्याला स्टोरीटेलिंग शिकायचंय. ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या एचआरला, वाशीच्या इन्शुरन्स एजंटला, ठाण्यातल्या क्लासवाल्यांना, अगदी मुलीच्या लग्नात दोन शब्द बोलायचेत त्या बाबांनासुद्धा. आणि शिकायचंय ते शनिवारी सकाळी दोन तासांत, कारण दुपारी त्यांना दुसरीकडे जायचंय. मी ऑफिसात नवीन मुलांची प्रेझेंटेशन्स ऐकते, बाहेर कुणी विचारलं तर भाषणंही बघून देते, आणि खरं सांगू का, त्याच त्या चुका ऐकून आता कान किटलेत. म्हणून एकदाच लिहून टाकतेय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवेन.

गोष्टीत ताकद असते हे काही नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीत. 1969 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला बावर आणि क्लार्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या, अर्ध्यांना सांगितलं की प्रत्येक यादीतले शब्द ओवून तुमची तुम्ही एक गोष्ट तयार करा, बाकीच्यांना सांगितलं नुसतं पाठ करा. शेवटी सगळ्या याद्या परत विचारल्या तेव्हा गोष्टवाल्यांना 93 टक्के शब्द आठवले आणि पाठवाल्यांना 13 टक्के. आता हे सोडून लोक स्लाइडवर काय टाकतात, तर 'गोष्ट 22 पट जास्त लक्षात राहते'. हा आकडा कुठल्या अभ्यासातला, असं विचारलं की सगळे पाण्याच्या बाटलीकडे बघतात. आणि त्या प्रयोगातली एक गोष्ट कुणी बघतच नाही, ती म्हणजे त्या मुलांनी गोष्ट स्वतः बनवली होती. कुणाची फॉरवर्ड केलेली घेतली नव्हती.

उसनी गोष्ट

माझी सगळ्यात नावडती चूक हीच, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तीन गोष्टी अशा आहेत ज्या ट्रेनिंगमध्ये कानावर आल्या की मला उठून जावंसं वाटतं. पहिली गरुडाची. म्हणे चाळिसाव्या वर्षी तो डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून मोडतो, नखं उपटतो आणि नवीन आली की अजून तीस वर्षं जगतो. अहो, चोच मोडलेला पक्षी खाणार काय? उपाशी मरेल तो, आणि रानातले बहुतेक गरुड चाळिशी गाठतच नाहीत. दुसरी बेडकाची, हळूहळू पाणी तापवलं की त्याला कळत नाही म्हणून तो उकडून मरतो. धडधाकट बेडूक पाणी गरम व्हायला लागलं की बाहेर पडायची धडपड करतो. जो बसून राहिला होता तो 1869 मध्ये गोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातला, आणि त्याचा मेंदू आधीच काढलेला होता! आणि तिसरी नासाच्या पेनाची. अमेरिकेने अंतराळात लिहायला पेन बनवण्यावर लाखो डॉलर उडवले आणि रशियाने पेन्सिल वापरली, वा वा, टाळ्या.

या पेनाचं काय होतं ते मी समोर बघितलंय. आमच्याकडचा सेल्सचा एक मुलगा, हुशार, बोलायला चुणचुणीत. तुर्भे एमआयडीसीतल्या एका गोडाऊनवाल्या क्लायंटला स्टॉकचं सॉफ्टवेअर विकायचं होतं, मीटिंग वाशीला. याने सुरुवातच केली नासाच्या पेनापासून, म्हणजे आमचा उपाय कसा साधासोपा आणि बाकीचे कसे पैसे उडवतात. समोर क्लायंटकडचे एक रिटायर्ड इंजिनिअर सल्लागार म्हणून बसले होते, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, पेन्सिलचं टोक तिकडे मोडलं तर ते तरंगत कुठे जाईल? ग्रॅफाइटमधून वीज वाहते, पॅनेलच्या वायरिंगमध्ये गेलं तर काय होईल? तो पेन फिशर नावाच्या माणसाच्या कंपनीने स्वतःच्या पैशाने बनवला, नासाने नंतर तपासून विकत घेतला, 1968 ला अपोलो 7 मध्ये नेला, आणि पुढच्याच वर्षी रशियनांनीही तोच घेतला. आणि मग शेवटी, तेवढ्याच शांतपणे, 'तुमच्या कोटेशनमधले आकडेपण व्हॉट्सॲपवरूनच घेतलेत का?'

त्यानंतरच्या स्लाइड्स त्याने दाखवल्या, पण खोलीत कुणी ऐकत नव्हतं. ऑर्डर गेली. नुसती पेनामुळे गेली असं मी म्हणणार नाही, आमचा रेटही जास्त होता. पण परतताना लोकलमध्ये तो सहज बोलून गेला की मागच्या आठवड्यात तो त्यांच्या गोडाऊनला जाऊन आला होता, आणि तिथला सुपरवायझर एकाच बॉक्सचा नंबर तीन वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहीत होता, तिसऱ्यात चुकला, मग ट्रक गेटवर थांबवून सगळे बॉक्स परत मोजले, ड्रायव्हर शिव्या घालत होता. मी म्हटलं, अरे हीच गोष्ट का नाही सांगितलीस? तर म्हणतो, 'त्यात काय सांगायचं मॅडम, साधीच गोष्ट आहे.'

इथेच घोडं अडतं. आपण बघितलेलं ते साधं आणि नासाचं ते भारी. क्लायंटला नासाचं काय पडलंय, त्याला त्याचा गेटवर थांबलेला ट्रक दिसायला हवा होता.

माझा उपाय काही फार मोठा नाही. संध्याकाळी ट्रान्सहार्बर लोकलने येताना, बसायला मिळालं तर, फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवते. कुठे, कोण, आणि नेमकं काय बोललं, त्याच्याच शब्दांत. मला काय वाटलं ते लिहीत नाही, ते नंतर आपोआप आठवतं, शब्द मात्र दुसऱ्या दिवशी गेलेले असतात. वर्षभरात एवढा साठा होतो की उसनं काही लागत नाही. पण हे सांगितलं की नवीन मुलांचे चेहरे पडतात. त्यांना बारा पायऱ्यांचा चार्ट हवा असतो, नायक घर सोडतो, गुरू भेटतो वगैरे. सोसायटीच्या नोटिशीला आणि कोटेशनला नायकाचा प्रवास कशाला लागतो मला अजून समजलेलं नाही. हल्ली तर एआयला सांगून 'माझा अनुभव' लिहून आणतात, त्यात हमखास पावसाळी संध्याकाळ आणि आयुष्याचं तत्त्वज्ञान सांगणारे रिक्षावाले काका. ठाणे स्टेशनबाहेर ज्याने रिक्षा पकडलीये त्याला विचारा, काका तत्त्वज्ञान सांगतात की सुट्टे मागतात.

गोष्ट सुरूच होत नाही

ही दुसरी लाडकी चूक, आणि ही मोठ्या माणसांची. घोडबंदर रोडला आमच्या नात्यातल्यांची सोसायटी आहे, तिथल्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मी एकदा पाहुणी म्हणून मागे बसले होते. विषय एकच, लिफ्ट बदलायची, प्रत्येक फ्लॅटमागे पैसे काढायचे. सेक्रेटरी काका उभे राहिले आणि बिल्डरने ताबा कधी दिला तिथपासून निघाले. मग पहिली कमिटी, मग जुन्या कमिटीने एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, कुणाला दिली, मग ते पत्र, मग त्या पत्राला उत्तर. सगळं खरं, तारखांसकट. लिफ्टचा दरवाजा अजून आलाच नव्हता आणि मागच्या रांगेत पार्किंगवरून भांडण सुरू झालं होतं.

शेवटी खजिनदार बाई उठल्या. म्हणाल्या, 'सातव्या मजल्यावरच्या आजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. गेल्या मंगळवारी त्या परत आल्या तेव्हा लिफ्ट बंद होती. वॉचमन आणि त्यांच्या मुलाने त्यांना खुर्चीत बसवून सात मजले वर नेलं, चौथ्या मजल्यावर टेकवायला लागलं, तिथल्या वहिनींनी पाणी दिलं.' बस, एवढंच. मग तीन कोटेशनचे कागद वाटले. ठराव पास झाला, कुरकुर झाली पण झाला.

काकांनी सांगितलं त्यात गोष्ट नव्हती, फाइल होती. गोष्ट जिथे काहीतरी अडतं तिथून सुरू होते, त्याच्या आधीचं ज्याला हवं तो विचारतो. मी भाषण तपासताना पहिला परिच्छेद हाताने झाकते आणि दुसऱ्यापासून वाचते. बहुतेक वेळा काहीच हरवलेलं नसतं, कधीकधी तर तिसऱ्यापासून वाचलं तरी चालतं.

आणि बघा, बाईंनी आकडे गोष्टीत घुसवले नाहीत, नंतर कागदावर दिले. याला आधार आहे. 2007 साली छापून आलेला एक अभ्यास आहे स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले दान कराल का विचारलं. काहींना आफ्रिकेतल्या दुष्काळाचे आकडे दाखवले, त्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले. काहींना मालीतल्या एका सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, त्यांनी 2.38. आणि ज्यांना मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दाखवले त्यांनी किती द्यावेत? 1.43. म्हणजे आकडे जोडल्याने गोष्ट भक्कम होईल असं आपल्याला वाटतं आणि ती उलट थंड पडते. आकडे द्याच, हिशेबाच्या कामात तर द्यायलाच हवेत, पण गोष्ट पूर्ण होऊ द्या मग द्या.

अजून एक. मीटिंग संपल्यावर मी बाईंना विचारलं की आजींना हे चालणार होतं का. त्या म्हणाल्या, आदल्या दिवशी वर जाऊन विचारून आले, तर आजी म्हणाल्या, 'सांग, पण मी रडले ते सांगू नकोस.' त्यांनी नाही सांगितलं. दुसऱ्याचं दुखणं आपल्या भाषणात वापरताना इतकं तरी करावं. टीममधल्या कुणाच्या घरचं आजारपण न विचारता स्टेजवरून सांगणारे साहेब लोक मी बघितलेत, टाळ्या मिळतात, पण त्यानंतर त्यांना कुणी काही सांगत नाही.

'आम्ही केलं'

इंटरव्ह्यूला 'काही अवघड प्रसंग सांगा' म्हटलं की आपली मराठी मुलं आम्ही-आम्ही सुरू करतात. आम्ही सर्व्हर बघितला, आम्ही क्लायंटला कळवलं. घरचं वळण असतं, मी मी करू नये असं लहानपणापासून ऐकलेलं, चांगलंच आहे ते. पण समोरच्याला टीमला नाही, तुम्हाला नोकरी द्यायचीये. कुणी काय ठरवलं होतं, तुम्ही कशाला नाही म्हणालात, रात्री फोन कुणी उचलला, हे सांगा. फुशारकी होत नाही त्याने. उलटा प्रकारही आहेच, रिझ्युमे तोंडाने वाचून दाखवणारे. तो कागद आमच्यासमोरच असतो हो.

गोष्ट इकडे, मुद्दा तिकडे

छान गोष्ट सांगतात आणि मग 'तर आपला आजचा विषय' म्हणून भलतीकडेच उडी मारतात. आपल्याकडे याचं उत्तर तेराव्या शतकापासून आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचं त्याच पंथातल्या केसोबासांनी जे संकलन केलं त्यात आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन, येतं, मग दृष्टांत, आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या सूत्राला नेमकी कुठे लागू पडते ते. लोक तिसरा भाग खातात. नारदीय कीर्तनातले बुवासुद्धा पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि आख्यान संपता संपता त्याच अभंगावर परत येतात. एखादं कीर्तन पूर्ण ऐका, मागे बसून फोन न बघता, महागड्या कोर्सपेक्षा जास्त शिकाल. मी स्वतः जोडणारं वाक्य आधी लिहिते, गोष्ट नंतर. ते वाक्य लिहिताच आलं नाही तर ती गोष्ट कितीही आवडती असो, त्या दिवशी घरी ठेवते.

बाकीचं पटापट. स्लाइडवर लिहिलेली गोष्ट वाचून दाखवू नका. मागे पियानो लावू नका. 'एक गंमत सांगतो' असं आधी सांगू नका, गंमत असेल तर हसतील. सगळ्या पात्रांची नावं देऊ नका, दोनच्या वर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. ज्या गोष्टीत तुम्हीच शहाणे आणि बाकी सगळे मठ्ठ, ती मित्रांना सांगा, ऑफिसात नको.

घरच्या कार्यक्रमात मात्र वेगळाच रोग, विशेषणांचा. पंचाहत्तरी असली की 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ' आणि हार. एका ओळखीच्या सुनेने सासऱ्यांवर असंच पानभर लिहून आणलं होतं. मी विचारलं, ते करतात काय नेमकं? तर म्हणाली, काही नाही हो, रविवारी सकाळी सगळ्यांच्या चपला बघतात, अंगठा निघाला असेल तर पिशवीत घालून शिवून आणतात, कुणाला न सांगता, माझ्या माहेरच्यांच्यासुद्धा. मी पानावर काट मारली आणि म्हटलं, फक्त हे सांग.

आणि सांगायच्या आधी मोठ्याने एकदा कुणालातरी ऐकवा. आरशाला नको, आरसा कंटाळत नाही. माझ्याकडे यासाठी दहावीतली भाची आहे. तिला मी मत विचारत नाही, कारण ती 'छान आहे' म्हणून मोकळी होते. ती फोनकडे कुठल्या वाक्याला बघते तेवढं बघते आणि त्या वाक्यावर पेन्सिलने खूण करते. तिथून दोन वाक्यं मागे जाऊन कापायला लागते.