गोव्यात गळ टाकायला कधी यावं

मला फोन येतात ते बहुतेक सुट्टीच्या हिशेबाने. “शनिवार-रविवारला जोडून सोमवार मिळालाय, मासे पकडायला न्याल का?” मी आधी महिना विचारतो, मग पाणी सांगतो, आणि तारीख सगळ्यात शेवटी. सत्तरी तालुक्यात वाढलेल्या माणसाला हाच क्रम कळतो.

गोव्यात गोडं पाणी एका जागी थांबत नाही. मांडवीत भरती पार आत गांजे गावापर्यंत चढते. पावसाळ्यात म्हादईचा, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीचा, लोंढा असा येतो की पणजीजवळसुद्धा वरवरचं पाणी जवळजवळ गोडं असतं. पाऊस संपला की वरून येणारं पाणी आटत जातं आणि खारेपणा महिन्यामहिन्याने वर सरकतो. म्हणून दिवाळीला गोड्या पाण्याची म्हणून दाखवलेली जागा मे महिन्यात तशीच असेल असं धरून चालू नका. तेव्हा तिथे तांबोसो किंवा चणक असा खाडीचा मासा गळाला लागू शकतो, आणि त्यांच्यासाठी दोरी, गरी, आमिष सगळंच वेगळं लागतं.

जून-जुलैत मी कुणालाच नेत नाही. मिरगाचा पाऊस लागला, ओहोळ गढूळ झाले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, थेट शेतात शिरतात. चढणीचे मासे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या खाल्ले जातात, घरच्या कालवणापुरते. पण पैसे घेऊन बाहेरची माणसं तिथे उभी करणं मला पटत नाही. पोटात अंडी असलेली एक मासळी उचलली म्हणजे पुढच्या वर्षीचं पाणी रिकामं केलं. मरळीचं तर आणखी जपायचं. पावसात तळ्याच्या कडेला तांबूस पिलांचा थवा वर येताना दिसला, तर खाली आईबाप राखणीला असतात. ते त्या वेळी समोर येईल त्यावर तुटून पडतात, त्यामुळे गळाला सहज लागतात. ते गेले की पिलं तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात. असा थवा दिसला की गळ गुंडाळायचा. शिवाय घाटात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही नदी बघता बघता वाढते. या दिवसांत यायचंच असेल तर चढण बघायला या, मी बांधावरून दाखवीन.

माझ्या मते खरे दिवस ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर. पाणी निवळलेलं पण अजून वाहतं, मासे पावसात खाऊन धष्टपुष्ट. पाऊस संपल्यावर बंधाऱ्यांना फळ्या घालतात, मागे पाणी तुंबतं, आणि फुगवट्याच्या वरच्या टोकाला, जिथे वाहतं पाणी संथ पाण्यात शिरतं, तिथे सकाळी उजाडल्यापासून दोन तास बसावं. आमिषाला काडू, म्हणजे गांडूळ, पुरतो. रोहू-कटल्यासारख्या सोडलेल्या माशांसाठी कणकेची गोळी, त्यात थोडी हळद. दुपारनंतर ढग आले तर मात्र काठी आवरा. परतीच्या पावसात वीज पडते आणि कार्बनच्या काठीतून वीज सहज वाहते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची, मासा मंद. धुकं उतरून ऊन पाण्यावर येईपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, घाई करू नये. पाणी काचेसारखं असतं, तेव्हा दोरी बारीक घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला, आणि कोंडाच्या, म्हणजे नदीतल्या डोहाच्या, काठावर सावली पडणार नाही असं बसा. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीतून येतो आणि कोरड्या महिन्यांत जास्त असतो. पूर्ण पँट, पायमोजे, आणि पाचोळ्यावर बसायचं नाही. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात.

मार्च-एप्रिलमध्ये नदी कोंडाकोंडांत तुटते. सगळे मासे त्या थोड्या पाण्यात अडकलेले, त्यामुळे गळ भराभर ओढला जातो. म्हणूनच तेव्हा मी पकडलेलं सगळं परत सोडायला लावतो: टोकाजवळचा उलटा काटा दाबून गुळगुळीत केलेली गरी, ओले हात, आणि मासा शक्य तितका वेळ पाण्यातच. दहाच्या आत उठायचं. मेमध्ये तेही बंद.

आता वाटाड्या निवडताना काय बघाल? त्याला विचारा की आपण बसणार ती जागा अभयारण्यात येते का. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव इथल्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकायचा नाही, आणि “मी ओळखतो सगळ्यांना” असं म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. साळावलीचं पाणी दक्षिण गोवा पितो, अंजुण्याच्या पाण्यावर इथली शेती होते. अशा धरणांवर खात्याची परवानगी त्याने आधीच काढलेली असावी. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्याने बंदी आहे, तरी कुणी “पटकन मासे काढून देतो” म्हणाला तर तिथूनच परत फिरा. कुंभारजुव्याच्या कालव्याकडे नेणार असेल तर मगरींबद्दल तो स्वतःहून बोलतो का, ते पाहा. तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही. होडी असेल तर तरंगजाकीट माणशी एक, आणि ते अंगात घातलेलं.

पणजीहून साखळी, होंडा करत वाळपईला यायचं तर अंधारातच निघावं लागतं. आदल्या रात्री इकडे राहिलात तर बरं. मला फोन करताना किती माणसं, कुणाला पोहता येतं आणि मुलांची वयं एवढं सांगा. जागा मी आदल्या संध्याकाळी पाणी बघून कळवतो.