गडकोटांवरच्या लेखातली तारीख खटकली, तर लेखकाला कसे कळवावे

लेख आधी शेवटपर्यंत वाचा, खटकलेल्या वाक्यांवर खुणा करा आणि त्यांतला एकच मुद्दा निवडा. ‘आधी दोन शब्द कौतुकाचे, मग चूक’ हा सल्ला सोडून द्या. गडांवर मेहनतीने लिहिणाऱ्याला नेमका मुद्दा हवा असतो, ‘छान माहिती’ने त्याच्या हाती काही लागत नाही.

उंची खटकली असेल तर आकडा फुटांत आहे की मीटरमध्ये, एवढे बघा. कळसूबाईचे ५४०० आणि १६४६ हे दोन्ही आकडे बरोबरच आहेत.

खरी कसोटी तारखांची. चुकीची म्हणून कळवलेली तारीख पुष्कळदा बरोबर निघते, कारण कळवणाऱ्याने कालगणना तपासलेली नसते. ‘शकात ७८ मिळवा की इसवी सन आला’ हा नियम अर्धवट आहे. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे पौषाचा जानेवारीत येणारा भाग, माघ आणि फाल्गुन यांना ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची. ७८ मिळवाल तर १६२९ येईल, बरोबर साल १६३०. इथे घाईने लेखकाला खोटे ठरवू नका.

दुसरा खड्डा याहून खोल. पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते पंचांग १५८२ मध्येच घेतले, इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवर राहिले. म्हणून शिवकाळात सुरतेच्या इंग्रज वखारीतले पत्र आणि गोव्यातले पोर्तुगीज पत्र एकाच दिवशी लिहिले गेले, तरी तारखांत १० दिवसांचे अंतर पडते. १७०० च्या मार्चपासून ते ११ होते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. कुणी १६ जून लिहिले तर ती ग्रेगोरियन, चूक नव्हे. एकाच लेखात दोन्ही पद्धती मिसळल्या असतील, तर मात्र जरूर कळवा. त्याने घटनांचा क्रमच उलटा होऊ शकतो.

एका दिवसाच्या फरकावरून वाद घालू नका. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते, तिथी सूर्योदयाची धरतात. फारसी आणि मराठी कागदांत तेवढा फरक राहायचाच.

आता लिहा. लेखातले वाक्य जसेच्या तसे, त्याखाली तुमचे साधन: ग्रंथ, आवृत्ती, पान. आवृत्ती वगळली तर पान शोधूनही सापडत नाही. मग तारीख एका कालगणनेतून दुसरीत कशी आणली ते एका ओळीत मांडा. गावातल्या जाणत्याकडून ऐकलेली गोष्ट असेल तर गावाचे नाव द्या आणि ती ऐकीव आहे असे स्पष्ट लिहा. तिचेही मोल आहे, पण कागदाच्या जागी ती ठेवू नका.

शिलालेखाचे छायाचित्र जोडायचे तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, चुना किंवा रंग कधीही भरू नका. दगड खराब होतो, आणि रंगवणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे अक्षरही बदलते.